ॲक्शन की प्रीसेट? शेकडो छायाचित्रांचे रंग एकदम सुधारताना

एकाच प्रसंगाची शेकडो छायाचित्रे समोर असली की प्रत्येकाचे रंग स्वतंत्रपणे सुधारत बसणे शक्य नसते, आणि मग फोटोशॉपमधील ॲक्शन किंवा लाइटरूममधील प्रीसेट यांचा आधार घेतला जातो. दोन्हींमुळे एकदा ठरवलेले बदल कितीही छायाचित्रांवर एका क्लिकसरशी होतात, त्यामुळे ही एकाच सोयीची दोन नावे असावीत असा समज होतो. तयार संच विकणाऱ्यांच्या जाहिराती तो समज आणखी पक्का करतात. वस्तुतः ॲक्शन केलेल्या कृतींचा क्रम लक्षात ठेवते, तर प्रीसेट स्लायडर, म्हणजे मूल्य कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, शेवटी कोठे असावेत एवढेच लक्षात ठेवतो. पुढचे जवळजवळ सगळे फरक यातूनच निघतात.

ॲक्शनची सोय फोटोशॉपमध्ये 1996 सालच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. रेकॉर्डचे बटण दाबून आपण कर्व्हज, लेव्हल्स, ह्यू-सॅच्युरेशन अशी उजेड आणि रंग बदलणारी जी काही साधने वापरू, ते आकड्यांसह आणि त्याच क्रमाने नोंदवले जाते. फाइल मेनूतील ऑटोमेट आणि त्याखालील बॅच ही आज्ञा मग तोच क्रम एका फोल्डरमधील प्रत्येक फाइलवर चालवते. लाइटरूम 2007 मध्ये आले आणि त्याची रचना मुळातच वेगळी आहे. तेथे मूळ फाइलमधील पिक्सेलना हातच लावला जात नाही. कोणत्या छायाचित्राचा कोणता स्लायडर किती सरकवला आहे याची नोंद कॅटलॉगमध्ये, म्हणजे लाइटरूमच्या स्वतःच्या नोंदवहीत, राहते आणि छायाचित्र दाखवताना किंवा निर्यात करताना ती अमलात आणली जाते. प्रीसेट म्हणजे त्या नोंदीतील निवडक आकड्यांचा संच.

हा फरक पारखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच छायाचित्रावर दोनदा लागू करून पाहणे. सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) थेट पिक्सेलवर वाढवणारी ॲक्शन दुसऱ्यांदा चालवली तर आधीच गडद झालेले रंग आणखी गडद होतात, आणि ती ॲडजस्टमेंट लेयर, म्हणजे चित्रावर बदलाचा वेगळा थर, तयार करणारी असेल तर एकावर एक असे दोन लेयर बसतात. प्रीसेटमध्ये एक्स्पोजर (एकूण उजेड) अधिक 0.50 असेल, तर तो दुसऱ्यांदा लावल्यानेही एक्स्पोजर 0.50 च राहतो. क्रमाचेही तसेच आहे: ॲक्शनमध्ये आधी कर्व्हज आणि मग सॅच्युरेशन की उलट, यावर परिणाम बदलू शकतो, लाइटरूममध्ये तुम्ही कोणता स्लायडर आधी हलवला याला महत्त्व नसते, कारण आतील प्रक्रियेचा क्रम प्रोग्रामनेच ठरवलेला असतो.

प्रीसेट अधिक सुरक्षित आहे असा निष्कर्ष येथे काढण्याचा मोह होतो, पण खरी फसगत तेथेच होते. प्रीसेटमधील आकडा आधीच्या आकड्यात मिळवला जात नाही, तो त्याच्या जागी बसतो. म्हणून काही छायाचित्रांचे एक्स्पोजर तुम्ही आधी हाताने नीट केले असेल आणि नंतर एक्स्पोजरचा समावेश असलेला प्रीसेट सर्वांना लावला, तर ती मेहनत पुसली जाते. प्रीसेट जतन करताना समोर येणाऱ्या चौकटीत एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगछटेचा समतोल) यांवरील खुणा काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. खूण नसलेल्या सेटिंगला प्रीसेट स्पर्श करत नाही. व्हाइट बॅलन्सची अडचण तर दुहेरी आहे. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जतन केलेल्या फाइलमध्ये, रंगतापमान केल्व्हिनमध्ये, म्हणजे 5500 अशा प्रत्यक्ष आकड्यात असते, तर जेपेगमध्ये रंग आधीच पक्के झालेले असल्यामुळे तेथे उणे 100 ते अधिक 100 अशी केवळ सापेक्ष पट्टी मिळते. त्यामुळे रॉ फाइलवर बेतलेला प्रीसेट जेपेगवर तोच परिणाम देईल अशी अपेक्षा ठेवू नये. प्रत्येक छायाचित्राच्या सध्याच्या स्थितीत ठरावीक भर घालायची असेल, तर लायब्ररी विभागातील क्विक डेव्हलपची बटणे वापरावीत. ती सापेक्ष पद्धतीने काम करतात.

ॲक्शनचे धोके निराळे आहेत. रेकॉर्ड करताना विशिष्ट नावाचा लेयर निवडला गेला असेल आणि एखाद्या फाइलमध्ये तो नसेल, तर बॅच मध्येच अडते. म्हणून चुका नोंद-फाइलमध्ये लिहून पुढे जाण्याचा पर्याय आधीच निवडणे श्रेयस्कर. निकालासाठी नेहमी वेगळा फोल्डर द्यावा, कारण जतन करून बंद करण्याचा पर्याय मूळ फायलींवरच लिहितो आणि तेथून परत फिरता येत नाही.

रंग आणि उजेड यांपुरतेच काम असेल, विशेषतः फायली रॉ असतील, तर प्रीसेट पुरेसा आहे. लेयर, ब्लेंड मोड (थर एकमेकांत मिसळण्याची पद्धत) किंवा रंगपद्धतीचे रूपांतर लागत असेल, तर ॲक्शनला पर्याय नाही. दोन्हींची गरज असल्यास एकाची निवड करण्याचीही आवश्यकता नाही: ॲक्शनपासून ड्रॉपलेट, म्हणजे ती ॲक्शन चालवणारी छोटी स्वतंत्र फाइल, तयार करून ती लाइटरूमच्या एक्स्पोर्ट ॲक्शन्स फोल्डरमध्ये ठेवली, तर निर्यातीच्या चौकटीत निर्यातीनंतरचे काम म्हणून ती निवडता येते आणि प्रीसेट लागलेली छायाचित्रे बाहेर पडताच फोटोशॉप पुढचे काम हाती घेते.