रोध वाढला की उष्णता वाढते की घटते?

व्होल्टेजला करंटने भागलं की रोध (करंटला होणारा अडथळा) मिळतो, गुणलं की पॉवर मिळते. २३० व्होल्टवर ४.३५ अँपिअर ओढणारी शेगडी १००० वॅटची आणि तिच्या कॉइलचा रोध साधारण ५३ ओहम. एक आकडा ओहममध्ये, दुसरा वॅटमध्ये. हे दहावीतल्या पोरालाही येतं, त्यावर वेळ घालवत नाही.

माझा जीव जातो तो पुढच्या पायरीवर. हीच पॉवर आणखी दोन रूपांत लिहितात: करंटचा वर्ग गुणिले रोध, किंवा व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. पहिलं सूत्र म्हणतं रोध वाढला की पॉवर वाढते, दुसरं म्हणतं घटते. दोन्ही बरोबर आहेत. पण रावेर-यावलकडे ज्याला विचारावं तो पहिलंच धरून बसतो: "भो, रोध जास्त तर गरमी जास्त, त्यात काय एवढं!" आयटीआय झालेली पोरंही हेच बोलतात.

मग २००० वॅटच्या शेगडीचा रोध किती? १००० वॅटवालीपेक्षा निम्मा, साडेसव्वीस ओहम. दोघींना घरातलं व्होल्टेज तेच मिळतं, म्हणून जिचा रोध कमी तिच्यातून करंट जास्त जातो आणि तीच जास्त तापते. तुटलेली कॉइल थोडी कापून, पिळून परत लावायची सवय घरोघरी आहे. पाचवा भाग कापला तर १००० वॅटची शेगडी १२५० वॅटची होते. "आता मस्त तापते" म्हणून लोक खूश होतात आणि थोड्याच दिवसांत ती कॉइल पुन्हा जाते.

आता केळीच्या बागेतल्या पाच एचपीच्या मोटरकडे या. स्टार्टरचा एक स्क्रू सैल आहे आणि तिथे अर्धा ओहम रोध तयार झालाय. फेजमधून जाणारा करंट साधारण ८ अँपिअर. तो ठरवते मोटर. अर्ध्या ओहमने त्यात नावापुरताच फरक पडतो. इथे करंट बांधलेला आहे, म्हणून पहिलं सूत्र: ८ चा वर्ग ६४, गुणिले अर्धा, ३२ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं. इथे त्याहून जास्त उष्णता एका स्क्रूखाली कोंडलेली असते. वायरचं प्लास्टिक काळं पडतं ते यामुळे. इथे मात्र रोध जास्त तर गरमी जास्त, हे खरं.

याच स्क्रूला दुसरं सूत्र लावून पाहा, पण व्होल्टेज म्हणून फेजचे २३० टाका. उत्तर येतं १,०५,८०० वॅट! एका स्क्रूवर लाखभर वॅट शक्यच नाहीत. सूत्र चुकलेलं नाही, व्होल्टेज दुसऱ्याचं टाकलंय. त्या स्क्रूच्या दोन टोकांमध्ये २३० व्होल्ट नसतात, ८ गुणिले अर्धा म्हणजे फक्त ४ असतात. ४ चा वर्ग १६, भागिले अर्धा, पुन्हा ३२. ज्या तुकड्याचा रोध घेतलात, त्याच तुकड्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं. सगळा घोळ एवढ्या एका ठिकाणी आहे आणि नेमकं हेच शिकवताना सुटतं.

भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातून ४०० किलोव्होल्टच्या लाइनी निघतात. "एवढ्या व्होल्टेजने तारा जास्त तापत असतील ना?" हा प्रश्न त्याच चुकीतून येतो. ४०० किलोव्होल्ट हे एका तारेपासून दुसऱ्या तारेपर्यंतचं व्होल्टेज. एकाच तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पडणारं व्होल्टेज त्यापुढे फार थोडं. तेवढेच मेगावॅट दुप्पट व्होल्टेजने पाठवले तर करंट निम्मा होतो आणि तारेतला तोटा पाव.

चालू मोटरला मात्र साधा भागाकार लावू नका. मल्टीमीटरने वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) मोजलं तर काही ओहमच दिसतात. व्होल्टेजला त्याने भागलं तर चालत्या मोटरच्या करंटपेक्षा कितीतरी मोठा आकडा येतो, कारण फिरणारी मोटर आतून उलटं व्होल्टेज उभं करते. म्हणूनच व्होल्टेज पडलं की शेगडीचा करंट घटतो, भरल्या लोडवरच्या मोटरचा वाढतो. ८ चे १० अँपिअर झाले की वाइंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या वर जाते. अशा वेळी "आज पॉवर कमी आहे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पॉवर नाही, व्होल्टेज कमी आहे. या एका शब्दामुळे माणूस व्होल्टेज यायची वाट बघायची सोडून मोटर चालू ठेवतो.

जोडाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे: पिळलेली वायर नको, लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून बसवा. अ‍ॅल्युमिनियमला तांबं जोडायचं असेल तर बायमेटल, म्हणजे दोन्ही धातूंचा मिळून बनवलेला लगच घ्या. आणि जोड ओहमवर मोजू नका, साध्या मीटरला इतका बारीक रोध नीट कळत नाही. मोटर चालू असताना, जाणत्या माणसाने, हातमोजे घालून, मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्ही काड्या त्याच जोडाच्या दोन बाजूंना लावाव्यात. चांगल्या जोडावर काही मिलीव्होल्टच दिसतात. ४ व्होल्ट दिसले तर तो स्क्रू आजच उघडा.