बंद पडलेल्या फ्लाय रॉडची ओढ

फ्लाय फिशिंगसाठी (कृत्रिम माशी लावून केलेल्या मासेमारीसाठी) लागणाऱ्या काठ्यांचे, म्हणजे फ्लाय रॉडचे, जे नमुने कारखान्यांनी बनवणे थांबवले आहे, ते शोधून विकत घेण्याची, दुरुस्त करून पुन्हा पाण्यावर नेण्याची आणि जमल्यास तसेच नव्याने घडवण्याची प्रवृत्ती. अमेरिका आणि ब्रिटन या देशांत ती विशेष दिसते. संग्राहकांचा छंद हा तिचा एक भाग आहे. परंतु जुना रॉड काचेच्या कपाटात न ठेवता त्याने मासे धरणारे लोक हाच तिचा खरा गाभा होय.

या ओढीचे मूळ फेकीच्या तंत्रात आहे. फ्लाय, म्हणजे पिसे आणि दोरा बांधून केलेली कृत्रिम माशी, जवळजवळ वजनरहित असते. त्यामुळे इतर गळमासेमारीत शिसे किंवा आमिष दूर फेकले जाते, तशी ती फेकता येत नाही. फेकली जाते ती जाड, वजनदार लाइन, म्हणजे गळाची दोरी, आणि माशी तिच्यामागून जाते. लाइनच्या भाराने रॉड वाकतो आणि सरळ होताना तिला वेग देतो. तो टोकाशी वाकतो की मुठीपर्यंत, आणि सरळ व्हायला किती वेळ घेतो, यावर फेकणाऱ्याच्या हाताची लय ठरते. एकदा अंगवळणी पडलेली ही लय दुसऱ्या रॉडवर जशीच्या तशी नेता येत नाही, म्हणूनच नमुना बंद झाल्याची रुखरुख इतकी टिकाऊ असते. तिला केवळ गतकाळाचे वेड म्हणणे अन्यायाचे आहे.

रॉडचे साहित्य तीनदा बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हायरम लेनर्ड आदी अमेरिकी कारागिरांनी बांबूच्या सहा निमुळत्या पट्ट्या चिकटवून षट्कोनी रॉड करण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढे दक्षिण चीनमधील टोंकिन बांबू सर्वांत उत्तम मानला जाऊ लागला. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केल्यावर हा बांबू मिळेनासा झाला. तोवर फायबरग्लासचे स्वस्त रॉड बाजारात आलेलेच होते, त्यांना मोकळे रान मिळाले. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्राफाइटचा, म्हणजे कार्बन तंतूंचा रॉड आणला आणि काही वर्षांतच फायबरग्लास मागे पडले. त्यानंतर ग्राफाइट अधिकाधिक ताठ होत गेले आणि दूरवर फेकणारे, चटकन सरळ होणारे रॉड हीच प्रगती मानली जाऊ लागली. लहान नदीवर, जवळच्या अंतरावर ट्राउट मासे धरणाऱ्याला मात्र त्या ताकदीचा फारसा उपयोग नसतो. थोडीशीच लाइन बाहेर असतानाही वाकणारा आणि बारीक दोऱ्याला बसणारा हिसका झेलणारा संथ रॉड त्याला हवा असतो.

जितका नमुना जुना तितका तो परत मिळवणे कठीण, असे कोणालाही वाटेल. फ्लाय रॉडच्या बाबतीत वस्तुस्थिती बहुतांशी उलटी आहे. बांबूचा रॉड भरीव असतो. त्याची जाडी दर पाच इंचांवर मायक्रोमीटरने मोजली की त्याचा टेपर, म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत निमुळते होत जाण्याचे प्रमाण, कागदावर उतरते. पेशाने अभियंता असलेले एव्हरेट गॅरिसन यांनी तर आपले टेपर ताणाचे गणित मांडून ठरवले होते. अशा आकड्यांवरून रंधा चालवणारा कुशल कारागीर मूळ रॉडच्या अगदी जवळ जाणारी प्रतिकृती आजही घडवू शकतो. ग्राफाइटचा रॉड पोकळ असतो. निमुळत्या पोलादी गजाभोवती राळ भरलेले तंतूंचे कापड गुंडाळायचे, त्यावर फीत घट्ट आवळायची, भट्टीत तापवायचे आणि मग गज ओढून काढायचा, अशी त्याची कृती आहे. न घासलेल्या रॉडवर बोट फिरवले तर त्या फितीच्या आवळण्याने उठलेली बारीक वळ्यांची रेघ जाणवते. आतला गज कोणत्या उताराचा होता, कापड कोणत्या आकारात कापले होते, तंतू किती ताठ होते, हे बाहेरून मोजता येत नाही. गज जपून ठेवलेला असला, तरी ते कापड किंवा ती राळ पुरवठादाराने बंद केलेली असू शकते.

म्हणूनच सेज कंपनीच्या जुन्या एलएल मालिकेसारख्या किंवा विन्स्टनच्या हिरव्या आयएम६ रॉडसारख्या अलीकडच्या नमुन्यांविषयीची हळहळ अधिक तीव्र आहे. सेजने पुढे ट्राउट एलएल नावाने जुन्या मालिकेची आठवण देणारे रॉड काढले; परंतु ते नव्या साहित्याचे होते, आणि जुन्याची चव ज्यांच्या हातात आहे त्यांना नाव आणि नमुना यांतला फरक लगेच कळतो. दीर्घ मुदतीच्या हमीनेही या बाबतीत थोडे नुकसानच केले आहे. जुन्या रॉडचा तुटलेला भाग बनवणे शक्य नसले, की कंपनी बदली म्हणून चालू नमुना देऊ शकते. ग्राहकाचा व्यवहार पुरा होतो, पण एक जुना रॉड कायमचा कमी होतो. पूर्वी बांबूचे अनेक रॉड टोकाचा एक जादा सुटा भाग देऊन विकले जात, ही त्या मानाने फार शहाणपणाची रीत होती.

आठवणीतल्या रॉडची तुलना नव्याशी करण्यासाठी विल्यम हॅनेमन यांनी एक सोपी पद्धत सुचवली. रॉडची मूठ पक्की धरून त्याच्या टोकाला पिशवी लावायची आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तीत अमेरिकी सेंटची नाणी टाकत जायची. नाण्यांच्या संख्येवरून रॉडची ताकद आकड्यात मिळते. लय मात्र या आकड्यात पुरती पकडली जात नाही.

जुना रॉड हाती आल्यावर निराशा झाली, तर दोष बहुधा लाइनचा असतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरलेल्या प्रमाणानुसार पाच क्रमांकाच्या लाइनचे पहिले तीस फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम भरावेत. आज त्याच क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या अनेक लाइन ताठ रॉडसाठी मुद्दाम जड केलेल्या असतात. त्या जुन्या रॉडवर चढवल्या की तो लुळा भासतो, आणि अशा वेळी एक क्रमांक हलकी लाइन लावून पाहावी. त्याही आधीच्या रॉडवर क्रमांकाऐवजी अक्षरे असतात. ‘एचडीएच’ लिहिलेल्या रॉडला आजची सहा क्रमांकाची दोन्हीकडे निमुळती लाइन साधारणपणे जुळते.