लिंक की बटण: घोळ आला कुठून?

आज वेबवर बटणासारखं दिसणारं बरंच काही आतून लिंक असतं, आणि त्याने वापरणाऱ्यांची फसगत होते. वेबच्या सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी 1990 मध्ये सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा वाचकाला करण्यासारखं एकच होतं: या पानावरून त्या पानावर जाणं. त्यासाठी 'ए' टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली लिंकची खूण, पुरत होता. पुढे फॉर्म आले, वेबपानं लिहिण्याच्या भाषेच्या, एचटीएमएलच्या, 1995 च्या 2.0 आवृत्तीत ते प्रमाणित झाले आणि सबमिट बटण रुजलं. कुठे जायचं असेल तर लिंक, काही करायचं असेल तर बटण.

त्याच वर्षी नेटस्केप या ब्राउझर कंपनीने जावास्क्रिप्ट ही पानाला हालचाल देणारी भाषा आणली आणि ही वाटणी विस्कटली. लिंकच्या 'एचरेफ'मध्ये, म्हणजे पत्त्याच्या जागी, नुसता # टाकायचा, बाकी सगळं स्क्रिप्टवर सोपवायचं. त्यात बटणं ऑपरेटिंग सिस्टिमच्या राखाडी साच्यातली, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसला सहजी न बधणारी. 1997 च्या एचटीएमएल 4.0 ने वेगळा 'बटन' टॅग दिला खरा, पण इंटरनेट एक्स्प्लोरर 6 हा ब्राउझर त्याच्या 'व्हॅल्यू'ऐवजी, म्हणजे डेव्हलपरने ठरवून दिलेल्या मूल्याऐवजी, बटणावरचा मजकूरच सर्व्हरला पाठवायचा. अशा वेळी लिंकलाच रंग-चौकट देऊन बटण म्हणून उभं करणाऱ्या डेव्हलपरला नुसतं आळशी म्हणून कसं चालेल?

याचा फटका मे 2005 मध्ये बसला, आणि तोही धडधाकट डोळ्यांच्या लोकांना. गूगलचा वेब अ‍ॅक्सिलरेटर हा वेब वेगवान करणारा प्रोग्राम पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचा, म्हणजे वाचकाने क्लिक केल्यावर वेळ जाऊ नये. बेसकॅम्पसारख्या, कामाचं नियोजन करणाऱ्या ऑनलाइन सेवांमध्ये 'डिलीट' हीसुद्धा लिंकच होती. अ‍ॅक्सिलरेटरने तीही इमानेइतबारे उघडली आणि लोकांचा मजकूर उडाला. 'नक्की काढायचं?' असं विचारणारी खिडकी जावास्क्रिप्टची होती, ती मध्ये आलीच नाही. खरं तर लिंक उघडताना सर्व्हरकडे जाते त्या 'गेट' विनंतीने फक्त माहिती आणावी, काही बदलू नये, हे ब्राउझर-सर्व्हर संवादाच्या, म्हणजे एचटीटीपीच्या, 1999 च्या नियमांत आधीच सांगितलं होतं.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध लोकांचा त्रास यापेक्षा जुना, फक्त त्याचा गाजावाजा झाला नाही. फोनवरून कुणी सांगतं, "'पुढे' बटण दाबा." एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारा बी दाबत बटणं शोधतो आणि 'पुढे' काही सापडत नाही, कारण ती लिंक आहे, तिच्यासाठी के दाबायला हवं. डोळ्यांनी पाहून कीबोर्ड चालवणाऱ्याची अडचण निराळी. बटण दिसलं म्हणून तो स्पेस दाबतो आणि पान खाली सरकतं, कारण लिंक एंटरवरच चालते.

पानावरच्या घटकाची भूमिका (लिंक की बटण) सॉफ्टवेअरला कळलीच पाहिजे, असं डब्ल्यूसीएजी 2.0 या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या 2008 च्या नियमावलीने बजावलं. पण 2011 मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅप या तयार डिझाइन-संचाचा 'बीटीएन' क्लास, म्हणजे रूप देणारी खूण, लिंक आणि बटण दोघांना सारखंच रूप देई, त्यामुळे आत काय आहे हे बघायची गरजच उरली नाही. 2014 मध्ये एरिया 1.0, म्हणजे घटकाची भूमिका स्क्रीन रीडरला सांगण्याच्या खुणांचा संच, प्रमाणित झालं. लिंकला त्यातला रोल 'बटन' लावला की स्क्रीन रीडर बटण म्हणतो, एवढंच. स्पेसचं काम तरीही हातानेच लिहावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं.