मेदयुक्त यकृताची रक्तातील निदर्शके

यकृतातील ५ टक्के किंवा अधिक पेशींत मेद साठला की त्या अवस्थेस मेदयुक्त यकृत, बोलीत फॅटी लिव्हर, म्हणतात. हा मेद थेट दाखवून देणारी एकही रक्ततपासणी नित्य वापरात नाही. निदान बहुधा सोनोग्राफीने होते आणि यकृत व्रणासारख्या तंतूंनी कितपत जखडले आहे, म्हणजे तंतुमयता किती आहे, याचा अंदाज रक्तावरून बांधला जातो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही विकरे (एन्झाइम) यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढतात. मेदयुक्त यकृतात सहसा एसजीपीटी अधिक असते. तंतुमयता वाढत गेली की एसजीओटी तिच्या पुढे जाते, आणि ती एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असल्यास मद्यपानाचा संशय घ्यावा लागतो. मात्र कित्येक रुग्णांत दोन्ही विकरे सामान्य मर्यादेतच असतात, त्यामुळे ‘एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे लिव्हर ठीक’ हा घरोघरी काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही.

सर्वांत उपयुक्त, आणि स्वस्तही, ठरतो तो फिब-४ निर्देशांक. वय आणि एसजीओटी यांच्या गुणाकारास, हजारांत मोजलेल्या प्लेटलेट व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने भागले की तो मिळतो. वय ५२, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४ आणि प्लेटलेट १.८० लाख, म्हणजे सूत्रात १८०, असल्यास उत्तर १.७३ येते. १.३ च्या खाली गंभीर तंतुमयतेची शक्यता कमी असते, २.६७ च्या वर ती बरीच वाढते. मधल्या रुग्णांना फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी, सुचवतात. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात, तर पस्तिशीच्या आत हा निर्देशांक फारसा भरवशाचा नसतो.

मेदाचाच अंदाज देणाऱ्या फॅटी लिव्हर निर्देशांकात शरीरभार निर्देशांक (बीएमआय), कमरेचा घेर, जीजीटी हे यकृताचे आणखी एक विकर व रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद ही चार मापे लागतात. ३० खाली मेद संभवत नाही, ६० किंवा वर संभवतो. ट्रायग्लिसराइड खाण्यानंतर चढतात, म्हणून इंदूरकराने सकाळच्या पोहे-जिलेबीआधीच रक्त देणे इष्ट. फिब-४ साठी मात्र उपाशी राहण्याची गरज नाही.

हायलुरॉनिक आम्लासह तीन घटक मोजणारी ईएलएफ चाचणी तंतुमयतेसाठी अधिक नेमकी असली तरी महाग असल्याने तिचा वापर मर्यादित आहे. मेदाबरोबर दाह आहे की नाही, याचा खात्रीचा निर्णय अजूनही यकृताचा तुकडा काढून केलेल्या बायोप्सीनेच होतो.