रिमोट टीमचं घोडं आपल्याकडे घराच्या दारातच अडलं होतं

रिमोट टीम 2020 मध्ये आली असं कोणी म्हणालं की हिंजवडीतले जुने लोक गालात हसतात, कारण वायटूकेच्या, म्हणजे सन 2000 ची तारीख कॉम्प्युटरला नीट कळावी म्हणून केलेल्या दुरुस्त्यांच्या, कामांपासून ते दुसरं काय करत होते, क्लायंट अमेरिकेत, टीम इथे, आणि मध्ये क्लायंटच्या ऑफिसात बसलेला एक ऑनसाइट कोऑर्डिनेटर जो दोन्हीकडून बोलणी खायचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहा, म्हणजे संध्याकाळी साडेसातचा स्टेटस कॉल साडेआठला आणि कंपनीची बस गेली. त्यातूनच हँडओव्हर मेलची शिस्त लागली. आज काय झालं, कुठे अडलं, कोणाकडून काय हवंय. तिकडचा माणूस झोपेतून उठेपर्यंत विचारता येत नाही, मग नीट लिहायलाच लागतं.

पण हे सगळं ऑफिसात बसून. घरून काम म्हटलं की वेगळीच भानगड, आणि तिचं नाव ओएसपी, म्हणजे 'अदर सर्व्हिस प्रोव्हायडर'. दूरसंचार खात्याचा नियम, डोळ्यासमोर कॉल सेंटर ठेवून लिहिलेला, पण व्याख्या एवढी ढगळ की त्यात आयटीवालेही आले. घरी बसलेला एजंट म्हणजे सेंटरचीच वाढवलेली खुर्ची, त्यासाठी ठरावीक प्रकारचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसशी जोडणारं खासगी नेटवर्क, आणि वर दर सेंटरमागे 1 कोटीची बँक गॅरंटी! कोण करणार हा उपद्व्याप? मार्च 2020 मध्ये या अटी तात्पुरत्या ढिल्या केल्या आणि 5 नोव्हेंबर 2020 ला नोंदणी आणि गॅरंटी दोन्ही काढून टाकल्या. सुरक्षेसाठी नियम हवेत असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचं सगळंच चूक नव्हतं, पण महामारी आली नसती तर ती फाइल हलली असती असं मला तरी वाटत नाही.

एसईझेडचं, म्हणजे करसवलती असलेल्या विशेष आर्थिक क्षेत्राचं, त्रांगडं आणखी निराळं. तिथला डेस्कटॉप ड्युटी न भरता आणलेला, तो गेटबाहेर न्यायचा तर परवानगी. 2022 च्या जुलैत घरून कामाचा वेगळा नियम आला, निम्मे लोक, जास्तीत जास्त एक वर्ष, मग डिसेंबरात तो सगळ्यांसाठी खुला केला.

गंमत म्हणजे वीस वर्षं सातासमुद्रापलीकडचा क्लायंट सांभाळलेले मॅनेजर, टीम कोथरूड-सांगलीत पांगल्यावर हँडओव्हर मेल विसरले आणि चॅटमधला हिरवा ठिपका बघत बसले.