कुकरची शिट्टी आणि खलबत्त्याचा ठोका

घोडबंदर रोडला आमच्या वरच्या मजल्यावर काकूंच्या कुकरची शिट्टी होते आणि पाठोपाठ लादीवर ठेवलेल्या खलबत्त्यात लसूण कुटल्याचे ठोके ऐकू येतात. स्वयंपाकघर एकच, पण दोन्ही आवाजांची खाली यायची वाट वेगळी. नवी फ्लोअरिंग निवडताना नेमकी इथेच गल्लत होते.

शिट्टी हवेतून येते. त्यांच्या खिडकीतून बाहेर पडते, आमच्या खिडकीतून आत शिरते. टीव्ही, बोलणं, रस्त्यावरचे हॉर्न हे सगळे याच जातीचे. पाच-सहा इंची काँक्रीटचा स्लॅब जड असतो, त्यामुळे असे आवाज तो बरेच अडवतो. उरतात ते खिडकीच्या फटी आणि डक्टमधून पाइप जातात तिथली भोकं. त्या नीट बुजवा. इथे अंडरलेचा, म्हणजे फ्लोअरिंगखाली अंथरायच्या मऊ थराचा, जवळजवळ काहीच उपयोग नाही, कारण दोन-तीन मिलिमीटरच्या फोमला वजनच नसतं.

ठोक्याचं तसं नाही. लादी सिमेंटने स्लॅबला घट्ट बसलेली असते, त्यामुळे बत्ता आपटला की स्लॅबच थरथरतो आणि खालच्या खोलीत आवाज घुमतो. खुर्ची सरकवणं, मुलांच्या उड्या, टाचांची टकटक हे सगळे याच प्रकारातले. इथे स्लॅब कितीही जड असला तरी पुरत नाही. ठोका लादीत शिरायच्या आतच मऊ थराने झेलावा लागतो, म्हणजे उपाय वरच्याच घरात करायचा. जाड गालिचा यात सर्वांत सरस. लॅमिनेट, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या लाकडासारख्या पट्ट्यांचं फ्लोअरिंग, हवं असेल तर खाली रबर किंवा कॉर्कचा अंडरले घ्या. मात्र फार मऊ किंवा जाड घेतलात तर पट्ट्यांचे लॉक तुटतात.

दुकानदार '१९ डेसिबल' म्हणाला, तर कशाचे ते विचारा. अंडरलेवरचा आकडा बहुधा ठोक्याचा आवाज किती घटतो ते सांगतो, आणि तो प्रयोगशाळेतल्या उघड्या काँक्रीटवर मोजलेला असतो. हवेतल्या आवाजाचं माप, आरडब्ल्यू, जितकं मोठं तितकं चांगलं. ठोक्याचं माप, एलएनडब्ल्यू, उलट जितकं लहान तितकं चांगलं. ही दोन मापं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

आणि कडेची फट! लॅमिनेट भिंतीपासून आठ-दहा मिलिमीटर सुटं हवं. आमच्या मुलाच्या खोलीत कारागिराने 'बरं दिसेल' म्हणून ती फट पांढऱ्या सिमेंटने भरली होती. त्यामुळे पट्ट्या भिंतीला टेकल्या, अंडरले असूनही प्रत्येक पाऊल भिंतीतून खाली उतरायचं, आणि खालच्या वहिनी दुसऱ्याच आठवड्यात वर आल्या. पटाशीने सिमेंट खरवडून फट मोकळी केली, वर भिंतीला धरून स्कर्टिंग लावलं, तेव्हा आवाज बसला.

काकूंना मी हेच समजावलं. त्यांची लादी बदलायची काही गरज पडली नाही. आता त्या खलबत्त्याखाली जुन्या गोधडीची चौपदरी घडी घेतात. लसूण कुटला जातोय हे अजून कळतं, पण बाळ झोपेतून दचकत नाही.