दोन चरणांची मोजणी

समर्थ रामदासांच्या मनाच्या श्लोकांचा अर्थ उमगायच्या आधीच कान त्यांचा ठेका पकडतो. तो ठेका कागदावर मांडून पाहावा, इतका सुरेख आहे.

गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा
मुळारंभ आरंभ तो निर्गुणाचा

ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची मात्रा एक. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला की ऱ्हस्वही गुरू होतं, म्हणून ‘सर्वां’मधला ‘स’ गुरू. आता तीन-तीन अक्षरं तोडा: गणाधी, शजोई, शसर्वां, गुणांचा. दर वेळी लघू-गुरू-गुरू, म्हणजे य गण. असे चार य गण, 12 अक्षरं, 20 मात्रा, की झालं भुजंगप्रयात वृत्त. बारा अक्षरांत लघु-गुरूंच्या 4096 जुळण्या शक्य आहेत. 205 श्लोकांत समर्थांनी ही एकच सांभाळली.

शाळेत आपण गण पाडून इथेच थांबतो. पण त्याच कागदावर शब्दांची आवर्तनंही मांडायला हवीत. पहिल्या चरणात ‘ईश’ दोनदा ऐकू येतो, एकदा ‘गणाधीश’च्या पोटातून. त्यातला ‘श’ चौथ्या आणि सातव्या जागी पडतो. दुसऱ्या चरणात ‘आरंभ’ दोनदा, आणि ‘भ’सुद्धा नेमका चौथ्या आणि सातव्या जागी! अंतर तीन अक्षरांचं, म्हणजे एका गणाचं. त्यामुळे शब्द परत येतो तो त्याच तालावर. शिवाय त्याचं शेवटचं अक्षर पुढच्या गणाचा पहिला लघू होतं, आणि गण एकमेकांत गुंफले जातात.

यमकाला नुसतं ‘चा’ पुरलं असतं. इथे ‘गुणांचा’ आणि ‘गुणाचा’ यांनी अख्खा चौथा गण व्यापला आहे. सर्व गुणांचा स्वामी आणि निर्गुण या दोन विरुद्ध टोकांच्या कल्पना एकाच नादावर आणून ठेवल्या आहेत. मला हे यमक फार मोठं वाटतं.

ही मोजणी संगणकाकडून करून घ्यायची तर मराठीचे बारकावे आडवे येतात. बोलताना आपण ‘गणाधीश्’ म्हणतो. वृत्तात तो ‘श’ पूर्ण म्हणावा लागतो. इथे नुसती लिपी वाचणारा प्रोग्राम बरोबर ठरतो, बोली उच्चारावर विसंबणारा चुकतो. ‘तुझ्या’ या शब्दात नेमकं उलट होतं. जोडाक्षर पाहून लिपी ‘तु’ला गुरू ठरवते, पण तिथे आघात येत नाही आणि कान त्याला लघूच मानतो.